काउंटरवरचे शिकाऊ पोर

(शिर्डी येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत आमच्याकडे विषय दिला आहे तो शेतकरी कंपन्यांच्या दुकानांचा. बियाणे, खते, औषधे विकणारी आपली स्वतःची दुकाने आणि त्यांच्याकडे पाठ फिरवणारे आपलेच सभासद. सकाळी चहाच्या वेळी दोघा-तिघांनी विचारले, ‘कापसाच्या भावाचं बोलायचं सोडून हे दुकानदारीचं काय काढलंत?’ प्रश्न रास्त आहे. भावाचे भांडण चालूच आहे, चालूच राहील. कापसाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात हलतो आणि दिल्लीत आयात-निर्यातीच्या एका हुकमाने पडतो. तिथे आपला हात पोहोचवायला वेळ लागतो. पण पेरणीच्या तोंडावर आपल्या खिशातून निघणारा पैसा जातो तो आपल्याच तालुक्याच्या पेठेत, ओळखीच्या दुकानात. तिथे आपला हात आजही पोहोचतो. मग तिथेही आपण हात जोडूनच का उभे राहतो, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

गिऱ्हाईक असल्याची आठवण

शेतकरी माल विकायला निघाला की भाव समोरचा ठरवतो. शेतकरी माल विकत घ्यायला निघाला तरी भाव समोरचाच ठरवतो. एवढ्यावर भागत नाही. काय घ्यायचे तेही समोरचाच ठरवतो. युरियाची गोणी मागितली की तिच्याबरोबर एक बाटली गळ्यात मारतात. या प्रकाराला ‘लिंकिंग’ असे नाव आहे आणि ते आता शेंबड्या पोरालाही माहीत झाले आहे. ४५ किलोची सरकारी भावाची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांची. घरी येते तेव्हा बाटलीसकट तिचे किती झाले, ते ज्याचे त्याने आठवावे.

बियाणे विकत घेणारा शेतकरी हा कायद्याने ग्राहक आहे. ही गोष्टसुद्धा भांडून मिळवावी लागली. शेतकरी व्यापारासाठी माल घेतो, तो ग्राहक कसला, असा युक्तिवाद बियाणे विकणाऱ्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २०१२ च्या जानेवारीत न्यायालयाने तो फेटाळला. राष्ट्रीय बीज निगमाविरुद्ध आंध्रातले शेतकरी लढले आणि त्यांच्यामुळे तुम्ही-आम्ही ग्राहक ठरलो. पण न्यायालयात ग्राहक ठरलेला माणूस दुकानाच्या पायरीवर मात्र अजून गरजूच आहे. त्याला कोणी ‘या, बसा, रान कुठलं, पाणी आहे का’ असे विचारत नाही. पक्की पावती मागितली तर दुकानदाराचे तोंड वाकडे होते.

हे बदलायचे म्हणून आपण कंपन्या काढल्या. डॉ. अलघ समितीच्या शिफारशीवरून २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि दहा शेतकऱ्यांनाही आपली उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा दहा हजार संस्था उभ्या करायची योजना आणली. परवाने निघाले, पाट्या लागल्या, फिती कापल्या. आणि आता पाटी आपली, भागभांडवल आपले, पण सभासद खरेदीला जातो बाजारपेठेतल्या जुन्याच दुकानात, अशी गत पुष्कळ ठिकाणी आहे.

याचे कारण विचारले की संचालक म्हणतात, ‘तो उधारीवर देतो, आपल्याला परवडत नाही.’ खरे आहे. पण तो उधारीचे व्याज मालाच्या किमतीत आणि गळ्यात मारलेल्या बाटलीत वसूल करतो, हेही खरे आहे. उधारीच्या शर्यतीत आपली कंपनी त्याला हरवू शकणार नाही, त्या शर्यतीत उतरूही नये. मग आपल्याजवळ असे काय आहे, जे त्याच्याजवळ नाही? आमचे उत्तर असे की आपल्याजवळ काउंटरवर उभे करायला आपलेच पोर आहे.

शिर्डीच्या बाजारात काय दिसते

आज आपण शिर्डीत जमलो आहोत, तर बैठक सुटल्यावर मंदिराच्या रस्त्याने एक चक्कर मारा. दुकानांच्या पाट्या वाचा. मराठी, हिंदी आहेच, पण जागोजागी तेलुगू दिसेल. आंध्र-तेलंगणातून भाविक मोठ्या संख्येने येतात म्हणून. दुकानात, लॉजवर, खानावळीत उभी असलेली पोरे बघा. त्यातली कितीतरी आपल्याच जिरायती गावांतली आहेत. दुष्काळाने बाहेर काढलेली. यांना तेलुगू कोणी शिकवले? कुठली शिकवणी नाही, पुस्तक नाही. गिऱ्हाईक जे बोलते ते कान देऊन ऐकले आणि दोन हंगामांत पोर तोडकेमोडके बोलायला लागले. म्हाताऱ्या बाईला गरम पाणी कुठे मिळेल, दर्शनाची रांग कुठून सुरू होते, परतीची गाडी किती वाजता, हे तिच्या भाषेत सांगायला लागले. तीच बाई पुढल्या वर्षी तीच लॉज शोधत येते.

याच रस्त्यावर दुसरा नमुनाही दिसेल. गाडी अडवून भाविकाला ठरावीक दुकानात नेणारे आणि दुप्पट-तिप्पट भावाने हार-प्रसाद गळ्यात मारणारे. त्यांना इथे ‘पॉलिशवाले’ म्हणतात. त्यांचा हिशेब सरळ आहे. हा भाविक पुन्हा कधी येणार? आज सापडला आहे तर आजच कापा.

आता आपल्या दुकानाचा विचार करा. आपल्याकडे येणारे गिऱ्हाईक परगावचे नाही. तीच पाच-सहा गावे, तीच घरे, दर मृगाला आणि दर हस्ताला. त्याला एकदा फसवले तर तो तर जातोच, शिवाय पारावर बसून वीस जणांना सांगतो. त्याला एकदा खरे सांगितले तर तेही पारावरच सांगितले जाते. म्हणजे पॉलिशवाल्याचा हिशेब आपल्या धंद्याला लागूच पडत नाही. आपल्याला तेलुगू शिकणाऱ्या पोराचाच हिशेब लागू पडतो. शिर्डीतले पोर परक्या मुलखाची भाषा शिकते आणि आपल्या दुकानातले पोर आपल्याच माणसाला रान हलके का भारी एवढे विचारत नाही, तर चूक कुठे आहे ते उघड आहे.

‘रान कसलं आहे?’

ज्वारीचे उदाहरण घ्या. रब्बी ज्वारीचे बियाणे मागायला शेतकरी आला की साधारण दुकानात काय होते? ‘ज्वारी द्या.’ ‘कुठली देऊ?’ ‘चांगली द्या.’ संपले. जी पिशवी पुढे असेल ती हातात पडते.

आता शिकाऊ पोराला फक्त एक प्रश्न शिकवा, ‘काका, रान कसलं आहे? कुदळ किती खोल जाते?’ राहुरीच्या कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले आहेत. दीड फुटापर्यंतच्या हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माउली. दोन फुटांपर्यंतच्या मध्यम रानाला फुले सुचित्रा, किंवा आपली जुनी मालदांडी. त्याहून खोल काळ्या रानाला फुले वसुधा, फुले यशोदा. हलक्या रानात भारी रानाचा वाण टाकला तर दाणे भरायच्या वेळी ओल संपते आणि कणीस पोचट राहते. मग शेतकरी म्हणतो बियाणे खोटे होते. बियाणे खरेच होते, विचारणारा कोणी नव्हता.

दुसरा प्रश्न, ‘कधी पेरणार?’ आपल्याकडे रब्बी ज्वारीची पेर १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. घाई केली तर खोडमाशी पोंगे वाळवते, उशीर केला तर ओल उडते.

तिसरा प्रश्न, ‘बियाणं घरचं आहे का?’ घरचे असेल तर तो शेतकरी बियाणे घेणारच नाही. साधारण दुकानदाराच्या दृष्टीने तो फुकटचा वेळ खाणारा. पण काणी रोगासाठी ३०० मेशचे गंधक किलोला ४ ग्रॅम चोळावे लागते. एकराला ४ किलो बियाणे, म्हणजे १६ ग्रॅम गंधक. चहाच्या पैशातला माल. ही पुडी बांधून, कसे चोळायचे ते दाखवून जो पोर देतो, त्याने दुकानाला त्या दिवशी काही कमावून दिले नाही. पण काणीने काळी पडलेली कणसे ज्या घराने पाहिली आहेत, ते घर ही पुडी विसरत नाही. खत घ्यायची वेळ येते तेव्हा पाय आपोआप त्याच दुकानाकडे वळतात.

‘आबा, आज औषध नेऊ नका’

कापसाची गोष्ट जास्त गंभीर आहे, कारण तिथे चुकीच्या सल्ल्याने जीव जातो. २०१७ च्या हंगामात दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस खाल्ला, आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. वेगवेगळी औषधे एकत्र कालवणे, डोक्याएवढ्या वाढलेल्या पिकात तोंडाला फडके न बांधता फवारणे, ही कारणे तेव्हा पुढे आली. ती औषधे कुठल्या ना कुठल्या काउंटरवरूनच गेली होती. काउंटरवर कोणी दोन शब्द बोलले असते तर?

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडल्या एका तालुक्यात एका शेतकरी कंपनीच्या दुकानात कृषी पदविका झालेली एक मुलगी सहा महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून लागली. पहिल्याच पंधरवड्यात एक म्हातारा शेतकरी आला. ‘शेजाऱ्यानं फवारलंय. मलाही तेच दे.’

मुलीने विचारले, ‘आबा, सापळे लावलेत का? डोमकळ्या दिसल्या का?’

‘ते काय मी मोजत बसू? तू औषध दे.’

ती म्हणाली, ‘आबा, आज औषध नेऊ नका. एकराला दोन कामगंध सापळे लावा. ओळीनं तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग पडले, तर या. आणि वेगवेगळ्या झाडांच्या वीस हिरव्या कैऱ्या तोडून फोडून बघा. दोनात अळी निघाली, तरीही या. त्याच्या आत फवारलंत तर पैसे मातीत.’

म्हातारा रागावून गेला. ‘दुकान टाकून बसलेत आणि माल विकंनात!’ असे तो बाहेर बोलला. एक संचालक तिथेच बसले होते. तेही रागावले, हातची विक्री घालवली म्हणून. मुलगी रडकुंडीला आली. कंपनीच्या अध्यक्षांनी मात्र संचालकांना एवढेच विचारले, ‘तिनं सांगितलं ते चुकीचं होतं का?’ संचालक गप्प झाले.

चौथ्या दिवशी म्हातारा रुमालात वीस कैऱ्या बांधून आला. काउंटरवरच त्या फोडल्या. एकीत अळी निघाली. ‘अजून थांबा, आबा,’ मुलगी म्हणाली. पुढे तीन आठवड्यांनी प्रमाण वाढले, तेव्हा तिने औषध दिले. एकच दिले, दुसरे त्यात कालवू नका म्हणून बजावले. डब्यावरचा त्रिकोण दाखवला. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हातमोजे आणि तोंडाची पट्टी दिली, वाऱ्याच्या दिशेला पाठ ठेवायला सांगितले, पक्की पावती फाडली.

पुढच्या मृगाला तो म्हातारा आपल्या भावकीतली चार घरे घेऊन दुकानात आला. ती कधीही कंपनीची सभासद नव्हती. ‘ती पोरगी कुठंय?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

शिकाऊ पोरालाच हे का जमते

मुरलेला विक्रेता गिऱ्हाईक दारात दिसताच कुठली बाटली द्यायची ते ठरवून मोकळा होतो. त्याला कंपन्यांच्या सहली माहीत आहेत, कुठल्या डब्यावर किती सुटते ते तोंडपाठ आहे. शिकाऊ पोराला यातले काही ठाऊक नसते. त्याला अजून विचारायची लाज वाटत नाही. ‘मला माहीत नाही, उद्या विचारून सांगतो’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघू शकते. शेतकऱ्याने हे वाक्य दुकानात कधी ऐकलेलेच नसते. ते ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी खरोखर उत्तर आले, की त्याचा विश्वास बसतो.

पण शिकाऊ आहे म्हणजे चांगलाच असणार, असेही समजू नका. कृषी महाविद्यालयांची शेवटच्या वर्षाची मुले-मुली दरवर्षी गावागावांत येतात. कृषिदूत, कृषिकन्या. काही मनापासून काम करतात. बीजप्रक्रिया स्वतः करून दाखवतात, शेतकऱ्याबरोबर वाफ्यात बसतात. काही फक्त फोटो काढतात, बातमी छापून आणतात आणि जातात. दोघांचे शिक्षण एकच असते. फरक पडतो तो गावाने त्यांना काय काम दिले यावर. ज्या गावाने फुले देऊन सत्कार केला तिथे फोटो निघाला. ज्या गावाने ‘आमच्या कपाशीचे सापळे मोजून द्या’ म्हटले तिथे काम झाले.

पोराला फुकट राबवू नका

२०२४ मध्ये राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन, आणि ते सरकारकडून. लगेच काही ठिकाणी हिशेब झाला की फुकटचा गडी मिळाला. झाडू मारायला, गोण्या उतरवायला, साहेबांचा चहा आणायला. असे राबवलेले पोर सहा महिन्यांत एकच गोष्ट शिकते, की काउंटरच्या अलीकडचा मोठा आणि पलीकडचा लहान. मग ते शेतकऱ्याशी तसेच वागते. आपण त्याच्याशी जसे वागलो, तसेच.

त्याला शिकवायची सोय आपल्या हाताशी आहे. इथून जवळ बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे, राहुरीला विद्यापीठ आहे. निविष्ठा विक्रेत्यांसाठी ‘देसी’ नावाची वर्षभराची पदविका आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने ती २००३ मध्ये सुरू केली. आठवड्यातून एक दिवस वर्ग आणि मधूनमधून शिवारफेरी. दुकान चालवता चालवता ती करता येते.

म्हणून ज्या ज्या गावात आपल्या कंपनीचे दुकान आहे, तिथल्या संचालक मंडळाने पुढच्या बैठकीत पाच ठराव करावेत, अशी आमची सूचना आहे.

एक. दुकानातल्या शिकाऊ मुला-मुलीला विक्रीवर कमिशन द्यायचे नाही. ठरलेला पगार किंवा विद्यावेतन द्यायचे, तेही वेळेवर.

दोन. ‘आज हे नेऊ नका’ असे सांगण्याचा त्याला पूर्ण अधिकार. त्यावरून कुठल्याही संचालकाने गिऱ्हाईकासमोर त्याला बोलायचे नाही.

तीन. काउंटरवर एक वही. आलेल्या शेतकऱ्याचे रान, पाणी, पेरणीची तारीख, काय दिले आणि का दिले, एवढे त्यात लिहायचे. शिकाऊ पोर बदलले तरी वही राहते.

चार. प्रत्येक विक्रीला पक्की पावती. पिशवी, खूणचिठ्ठी, पावती आणि मूठभर बियाणे जपून ठेवा, हे प्रत्येकाला सांगायचे. उगवण फसली तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे आणि ग्राहक आयोगापुढे हेच कामाला येते. आपल्या दुकानाविरुद्ध तक्रार झाली तरी चालेल, पण पावती द्यायची.

पाच. आठवड्यातून एक दिवस पोर काउंटर सोडून शिवारात. ज्याला औषध दिले त्याच्या बांधावर जाऊन काय झाले ते बघायचे.

यात कुठे मोठे भांडवल लागत नाही. लागते ते आपल्या मोठ्या माणसांचे जरा मन. कारण पहिले काही महिने विक्री कमी होईल. ‘नेऊ नका’ म्हणणाऱ्या दुकानाची विक्री कमी होणारच. त्या महिन्यांत संचालक पोराच्या पाठीशी उभे राहिले तर दुकान टिकेल. त्याच महिन्यांत घाबरून त्याच्या हातात कंपन्यांच्या बाटल्या दिल्या, तर बाजारात आणखी एक दुकान वाढेल आणि आपली पाटी एक दिवस उतरेल.

घरी गेल्यावर आपापल्या दुकानात जा. संचालक म्हणून खुर्चीवर बसू नका, काउंटरच्या पलीकडे गिऱ्हाईक म्हणून उभे राहा आणि ज्वारीचे बियाणे मागा. पोराने ‘रान कसलं आहे’ विचारले तर त्याची पाठ थोपटा. नाही विचारले तर त्याला रागावू नका, त्याला कोणी शिकवले नाही ते शोधा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती वही बरोबर आणा. आपण ती इथे उघडून वाचू.